वडिलांचा प्रश्न : "हे फुकट कसं?" (गावचं किराणा दुकान, क्यूआर आणि गल्ला)

येरळाकाठ | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५०

गणपतीला गावी जाऊन आलो. विट्यापासून एसटीने अर्धा तास. वडिलांचं किराणा दुकान चौतीस वर्षांचं आहे. गौरी जेवणाच्या दिवशी घरात सगळे कामात, म्हणून सकाळी गल्ल्यावर मी बसलो. अकरा वाजेपर्यंत स्पीकरने सदतीस वेळा पैसे आल्याचं सांगितलं (मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होतो) आणि रोखीची गिऱ्हाइकं आली नऊ. त्यातली चार लहान मुलं, मुठीत दहाची नोट घेऊन आलेली.

दुपारी वडील म्हणाले, "डीडी काढला की कमिशन, मनीऑर्डर केली की कमिशन, बाहेरगावचा चेक टाकला की कापून यायचा. मग त्या पोराचे दहा रुपये त्याच्या बँकेतून माझ्या बँकेत फुकट कसे येतात? कोण देतंय त्याचे?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

तिथे बसल्यावर बरंच काही दिसलं, ते लिहून ठेवतो. सुट्ट्या पैशांची कटकट संपली आहे. सदतीस रुपयांना सदतीसच येतात, त्यामुळे सुट्ट्यांच्या बदल्यात द्यायची चॉकलेटची बरणी आता मुलांनी मागितली तरच उघडते. कारखान्याचं ऊसबिल खात्यावर जमा झालं की त्याच दिवशी चार-पाच जणांची उधारी दुकानात न येताच मिटते. पूर्वी बिल निघालं तरी बँकेतली रांग, मग तालुक्याचा बाजार आणि उरले तर आम्ही. एजन्सीचा सेल्समनही क्यूआर पुढे करतो. आणि पिग्मीवाले काका (रोज दुकानोदुकानी फिरून थोडी थोडी बचत गोळा करणारे) आता रोज येत नाहीत. गल्ल्यात रोकडच नसते, मग पिग्मी कशातून भरायची?

वडिलांना हे सगळं सोयीचं वाटतं, पण ते धास्तावलेलेही आहेत. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर त्यांचा आयुष्यभर विश्वास बसलेला नाही. बँकेत किंवा अशा धंद्यात असलेल्यांनी समजावून सांगाल का? मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

अर्धविराम | ७ सप्टेंबर, रात्री ११:१५

मी बँकेत याच विभागात आहे. सविस्तर लिहितो.

आधी पैसे जातात कसे ते. कागदावरच्या क्यूआरमध्ये पैसे नसतात आणि तुमच्या खात्याचा ताबाही नसतो. असतो तो फक्त वडिलांचा पत्ता. गिऱ्हाइकाने स्कॅन करून रक्कम टाकली की त्याचं ॲप आपल्या जोडीदार बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे (यूपीआय ही व्यवस्था चालवणारी संस्था) निरोप पाठवतं. तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारणा जाते. ती बँक पिन आणि शिल्लक तपासून रक्कम वजा करते, मग वडिलांच्या बँकेला 'जमा कर' असा निरोप जातो. जमा झाल्याची पोच त्याच वाटेने उलटी येते आणि स्पीकर बोलतो. पिन फोनवरच कुलूपबंद होतो, ज्या ॲपवर तुम्ही तो टाकता त्यालाही तो वाचता येत नाही. शिवाय नोंदणीच्या वेळी फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि खातं त्या फोनशी बांधलं जातं. म्हणून नुसता पिन कळून दुसऱ्याच्या फोनवरून पैसे काढता येत नाहीत.

या एका दहा रुपयांसाठी दोन बँका, ॲप आणि मधलं कॉर्पोरेशन अशा निदान चार ठिकाणची यंत्रं हलतात. सर्व्हर, वीज, एसएमएस, माणसं, तक्रारींचा निपटारा, सगळ्याला खर्च आहे.

आता तो देतं कोण? कार्डाच्या जमान्यात दुकानदार द्यायचा. २०१८ पासून वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४ टक्के लागायचे, मोठ्याला ०.९. सरकारने १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा हा आकार शून्य केला. म्हणजे वडिलांचा वाटा कायद्यानेच काढून टाकला. खर्च राहिला, तो बँका आणि ॲप कंपन्यांच्या अंगावर आला. त्याची थोडी भरपाई सरकार करतं. २०२४-२५ साठी १,५०० कोटींची योजना होती : छोट्या दुकानदाराकडे दोन हजारांपर्यंतचा व्यवहार झाला तर त्यावर ०.१५ टक्के. दोन हजारांवर तीन रुपये, दहा रुपयांवर दीड पैसा. त्या वर्षात यूपीआयचे एकूण व्यवहार झाले १८,५८७ कोटी. सगळेच योजनेत बसत नाहीत, पण नुसता भागाकार केला तर एका व्यवहारामागे जेमतेम आठ पैसे येतात.

वडिलांना सांगा की त्यांची शंका बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्राही यंदा जुलैत हेच म्हणाले, की खर्च कुणीतरी भरावाच लागतो.

सुरंगी | ८ सप्टेंबर, सकाळी ७:३०

धागा आवडला. मी गुहागर तालुक्यातली. आमच्याकडे चार खोल्यांचं घरगुती लॉजिंग आणि जेवण आहे. इथे पहिला प्रश्न रेंजचा. मे महिन्यात पुण्या-मुंबईची माणसं येतात, खिशात रोख शंभर रुपयेही नसतात आणि आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीजवळ. मग जेवण झालं की पाहुणे पैसे द्यायला विहिरीपर्यंत चालत जातात आणि त्यांच्याबरोबर घरातलं कुणीतरी. गेल्या वर्षी ब्रॉडबँड घेतलं ते खास यासाठीच. आता जेवणाच्या खोलीत वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरात लावला आहे.

१२ एप्रिलला दुपारी देशभर यूपीआय अडकलं होतं, तेव्हा आमच्याकडे दोन कुटुंबं जेवून बसलेली. एकाने संध्याकाळी रत्नागिरीहून पाठवले, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी. दोघांनीही न विसरता पाठवले, हेही लिहायला हवं.

अर्धविराम | ८ सप्टेंबर, सकाळी ९:०५

सुरंगीताई, 'यूपीआय लाइट' हा एक पर्याय पाहुण्यांना सुचवून बघा. त्यात फोनमध्येच पाच हजारांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते आणि हजारापर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. बँकेचं यंत्र धिमं असलं तरी तो अडत नाही. इंटरनेट मात्र लागतंच, त्यामुळे विहिरीचा प्रश्न त्याने सुटणार नाही. साध्या बटणाच्या फोनसाठी '१२३ पे' मार्च २०२२ मध्ये आलं, त्याला इंटरनेट लागत नाही. पण कागदावरचा क्यूआर त्या फोनने कसा वाचणार? बहुतेकदा समोरच्याचा नंबर टाकून पैसे पाठवावे लागतात.

पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, असं झालं तर काय, हेही सगळ्यांनी लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. फार कमी लोक मागतात. मागा.

काठपदर | ८ सप्टेंबर, दुपारी २:४०

मी इचलकरंजीची. आठ वर्षं घरून साड्या विकते. दुकान नाही, फोन हेच दुकान. सकाळी स्टेटसला फोटो, ग्रुपवर फोटो, मग 'ही राहिली का ताई' असे निरोप. सुरुवातीला सगळी पार्सलं 'पोचल्यावर पैसे', म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीनेच जायची, कारण अनोळखी बाईला आधी पैसे कोण पाठवणार? त्यात मार बसायचा तो परतीच्या पार्सलांचा. घरी कुणी नव्हतं, नवऱ्याने घेऊ दिली नाही, रंग वेगळा वाटला. साडी घडी मोडून परत यायची आणि जाण्यायेण्याचा खर्च माझ्या माथी. दहा पार्सलांतली तीन परत आली की उरलेल्या सातांतली कमाई गेली.

क्यूआर आल्यावर मी नियम केला : आधी पैसे, मग पार्सल. निम्मी गिऱ्हाइकं तुटतील असं वाटलं होतं. तुटली थोडी, पण परतीची पार्सलं जवळपास थांबली. मला माझ्या पायावर उभं केलं ते या एका गोष्टीने, हे मी मनापासून सांगते.

नवीन बायकांसाठी दोन सूचना. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटवर साडी पाठवू नका. तसं हुबेहूब चित्र काढून देणारी खोटी ॲपं आहेत, माझी १,८५० ची साडी त्यात गेली. आपल्या बँकेचा मेसेज किंवा खात्यातली नोंदच खरी. आणि पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. 'रिफंड देतो, पिन टाका' असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा.

अर्धविराम | ८ सप्टेंबर, दुपारी ३:१०

काठपदरताईंना +१. पैसे मागणाऱ्या निरोपावर पिन टाकायला लावून खूप जण फसले. म्हणून माणसाने माणसाकडे अशी मागणी पाठवण्याची सोय येत्या १ ऑक्टोबरपासून बंद होते आहे. दुकानं आणि कंपन्यांच्या मागण्या चालू राहतील, म्हणून सवय सोडू नका.

अल्पबचत | ८ सप्टेंबर, रात्री ८:२०

पिग्मीचा उल्लेख वाचून खातं उघडलं, एरवी फक्त वाचतो. मी इस्लामपुरात बावीस वर्षं एका पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करत होतो. रोज संध्याकाळी नव्वद दुकानं. कुणी वीस रुपये, कुणी दोनशे. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही पद्धत आपल्या भागात सहकाराने उचलली आणि तिच्यावर किती मुलींची लग्नं आणि दुकानांवरचे स्लॅब झाले, ते मी पाहिलं आहे. रोखीतल्या दुकानदाराचा हिशेब दुसऱ्या कुणाकडेच नसायचा. आमचं पिग्मी कार्ड हीच त्याची पत. वर्षभर रोज शंभर भरणाऱ्याला कर्ज द्यायला संचालक मंडळ मागेपुढे बघत नसे.

आता ती पत क्यूआरमध्ये गेली. कुणाच्या दुकानात रोज किती येतात, सणाला किती वाढतात, पावसाळ्यात किती पडतात, हे ॲप कंपनीला दिसतं. म्हणून फोनवर 'पन्नास हजार मंजूर' असे मेसेज येतात. कर्ज मिळतं आणि हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो. आम्ही रोज घ्यायचो आणि शेवटी एकरकमी द्यायचो. हे आधी एकरकमी देतात आणि रोज घेतात. उलटी पिग्मीच ही. येरळाकाठ, तुमच्या वडिलांना 'कोण देतंय त्याचे' याचं माझं उत्तर असं : तुमच्या दुकानाचा हिशेब बघायला मिळतो, त्यातून ते वसूल करतात.

कर्ज वाईट असं माझं म्हणणं नाही. घरात आजारपण असताना एका तासात पैसे मिळाले तर ते मोलाचेच. पण आम्ही दारात उभे असायचो. माणूस म्हणायचा, "आज धंदा नाही झाला, उद्या ये," आणि आम्ही उद्या जायचो. कापणाऱ्या यंत्राला हे सांगता येत नाही. व्याज दिवसाचं सांगतात, ते वर्षाचं किती पडतं हे कागदावर मांडल्याशिवाय अंगठा लावू नका.

येरळाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

अल्पबचतकाका, हा प्रतिसाद वडिलांना फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला आलेत तसे मेसेज, तीन वेळा." मला माहीत नव्हतं. स्पीकरचं भाडंही महिन्याला शंभराच्या वर कापलं जातं, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे फुकट नाहीच.

जाईजुई | ९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी कराडला बचत गटांचं काम करते. मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, कारण ती रोज डोळ्यांसमोर आहे.

मंडईत आमच्या गटाच्या चौदा बायका भाजी विकतात. सगळ्यांच्या पाटीवर क्यूआर आहे. मी एकदा प्रत्येकीला विचारलं, हे पैसे कुणाच्या खात्यात जातात? नऊ जणींचं उत्तर : मुलाच्या, नवऱ्याच्या, एकीचं जावयाच्या. कारण साधं आहे. स्मार्टफोन त्यांच्याकडे, बँकेचा नंबर त्यांच्या सिमला जोडलेला, क्यूआर त्यांनीच आणून चिकटवला. पहाटे चारला उठून बाई लिलावातून मेथी आणते, दिवसभर उन्हात बसते, आणि संध्याकाळी तिच्या पदराला बांधायला असते फक्त रोखीची चिल्लर. पूर्वी व्हायचे सहाशे आणि नवऱ्याला सांगायचे पाचशे, ते वरचे शंभर तिचे असायचे. त्यावर मुलीची पुस्तकं यायची, गटाचा हप्ता भरला जायचा. आता नवऱ्याच्या फोनवर रुपयान् रुपया दिसतो. एकीने मला सांगितलं, "स्पीकर माझ्यापुढं वराडतो, पैसं त्याच्या खिशात पडत्यात."

मोबाइलवरच्या व्यापारावर बोलताना आकडे नेहमी व्यवहारांचे सांगतात. खातं कुणाच्या नावाचं, हे कुणी विचारत नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

आम्ही काय करतो आहोत : प्रत्येकीचं स्वतःचं खातं आहेच, जनधनचं किंवा गटाच्या वेळी काढलेलं. त्याला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्यायचा, मग तिच्या नावाचा क्यूआर. आतापर्यंत पाच जणींचे बदलले. दोघींच्या घरी भांडणं झाली, आम्ही जाऊन बसलो. बाकीच्यांचं चालू आहे.

काठपदर | ९ सप्टेंबर, दुपारी १२:१५

जाईजुई, माझंही पहिलं वर्ष दिरांच्या खात्यावरच गेलं. तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. पिनही तिचा तिलाच माहीत हवा, नाहीतर खातं नावापुरतं राहतं.

मांजराकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ९:४५

लातूरला मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. फेब्रुवारीत एका मुलाने ८५० चा चार्जर नेला, क्यूआरवर पैसे दिले. नऊ दिवसांनी एजन्सीला पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. बँकेत कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या निरोपावरून खातं गोठवलं आहे. त्या मुलाकडे आलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. ८५० रुपयांसाठी माझे १ लाख १२ हजार एक्केचाळीस दिवस अडकले. भाडं, नोकराचा पगार, सगळं उसनवारीवर. गिऱ्हाइकाचे पैसे कुठून आले हे दुकानदाराने कसं ओळखायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नोट घेताना मी ती खरी की खोटी एवढं बघत होतो.

अर्धविराम | ९ सप्टेंबर, रात्री १०:५०

मांजराकाठ, वाचून वाईट वाटलं. असं बऱ्याच छोट्या दुकानदारांचं होतं. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे जिथे जिथे गेले ती साखळी शोधली जाते आणि प्रत्येक टप्प्यावरच्या बँकेला रक्कम थांबवायला सांगतात. फसलेल्याचे पैसे वाचायला हा वेग हवाच. पण वादातली रक्कम ८५० असेल तर ८५० थांबवावेत, सगळं खातं नव्हे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना तेच सांगितलं. पुन्हा असं झालं तर बँकेकडून लेखी घ्या : कोणत्या ठाण्याचा निरोप, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग त्या विक्रीचं बिल जोडून त्या ठाण्याला ईमेल करा आणि फक्त तेवढी रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करण्याची मागणी करा. म्हणून साधं का होईना, बिल फाडत जा.

हिशेबनीस | १० सप्टेंबर, सकाळी ८:१०

मी कर सल्लागार. येरळाकाठ यांच्या वडिलांनी अजून विचारलं नसेल, पण 'सरकारला सगळं दिसतं' ही भीती माझ्याकडे येणारा प्रत्येक दुकानदार बोलून दाखवतो. जुलैत बंगळुरात काय झालं ते आठवा. कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि कित्येकांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' असे कागद लावले.

घाबरून क्यूआर काढण्यात अर्थ नाही, हिशेब स्वच्छ ठेवा. माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. त्यापुढे दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने कर) आहे, व्यापाऱ्याला एक टक्का. फक्त ताजी भाजी किंवा असाच करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच नको, उलाढाल कितीही असो. गोंधळ होतो तो दुसरीकडे. मुलाने पाठवलेले पैसे, मेहुण्याने परत केलेले उसने, भिशीची रक्कम, सगळं त्याच क्यूआरवर येतं. बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच दिसते. दुकानाचं खातं वेगळं ठेवा, घरचं वेगळं.

नैरोबीकर | १० सप्टेंबर, दुपारी ४:००

फुकट नसलेल्या व्यवस्थेत राहणारा म्हणून थोडं लिहितो. केनियात एम-पेसा मार्च २००७ मध्ये आलं, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी. ते बँकेचं नाही, मोबाइल कंपनीचं. साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालतं. कोपऱ्यावरच्या एजंटकडे रोख द्या, फोनमध्ये जमा होते. पाठवणाऱ्याला शंभर शिलिंगांच्या पुढे रकमेच्या टप्प्याप्रमाणे आकार पडतो, दुकानदाराकडूनही अर्ध्या टक्क्याच्या आसपास घेतात. भाजीवाल्यापासून आमच्या इथल्या गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळं त्यावर चालतं. पण दहा-वीस शिलिंगांसाठी लोक अजून नाणी काढतात. दहा रुपयांचा चहा फोनवर घेणं मी भारतातच पाहिलं, आणि त्यात त्या शून्याचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. उद्या शून्य गेलं तर पहिला फरक तिथे पडेल.

येरळाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दिवाळीला घरी होतो, म्हणून धागा वर काढतो.

हिशेबनिसांचं वाचून माझीच चूक लक्षात आली. मी दर महिन्याला घरी पाठवतो ते पैसे तीन वर्षं दुकानाच्या क्यूआरवरच टाकत होतो, नंबर पाठ म्हणून. आता दुकानाचं चालू खातं वेगळं काढलं. वडिलांनी बिलबुक छापून आणलं, शंभराच्या वर बिल फाडतात.

जाईजुईंचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. दुपारी एक ते पाच वडील झोपतात किंवा शेतावर असतात, तेव्हा दुकान आईच बघते, गेली तीस वर्षं. तिच्याकडे बटणाचा फोन होता. मी विचारलं, "तुला वेगळा क्यूआर हवाय का?" ती म्हणाली, "दुकान एकच आहे, दोन कशाला." संध्याकाळी भांडी घासताना परत म्हणाली, "पण माझ्या शेवयांचा वेगळा असला तर चालेल."

उन्हाळ्यात ती शेवया आणि सांडगे करते आणि ते दुकानातच विकले जातात. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या खात्याला तिचा नंबर जोडून घेतला. पिन टाकताना तिने मला तोंड फिरवायला लावलं. तिचा क्यूआर सध्या मिठाच्या पोत्यांच्या वरच्या फळीला चिकटवला आहे. भाऊबीजेला आत्या आली होती, तिने उरलेल्या शेवयांचं एक पाकीट घेतलं आणि हट्टाने त्यावरच साठ रुपये टाकले. वडिलांनी स्पीकरकडे बघितलं. तो बोलला नाही, कारण तो दुकानाच्या खात्याचा आहे. आईचा फोन वाजला.